जोडीची साक्ष

२००९ च्या डिसेंबरात, कापसाचा हंगाम भरात असताना, माजलगावच्या बाजूला एका जिनिंग-प्रेसिंगमधल्या रात्रपाळीच्या रखवालदाराला कामावरून काढलं. सरकीच्या पोत्यांचा मेळ बसत नव्हता, आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रात मध्यरात्रीनंतर एक अंधूक माणूस फाटकातून आत सरकताना दिसत होता. रखवालदार सांगत राहिला, "मी फाटक उघडलंच नाही." मालकांनी चित्रावर विश्वास ठेवला. त्या मिलमध्ये कॅमेरे मी बसवले होते.

तो माणूस खरा नव्हता, हे आम्हाला आठ दिवसांनी कळलं. तो तारेतून आला होता. ते कळल्यापासून मी या तारेचा इतिहास गोळा करतो आहे. इंजिनिअरिंगचं शिक्षण माझं नाही. बाजारातली जुनी पुस्तकं, टेलिफोन खात्यातल्या निवृत्त माणसांशी झालेल्या गप्पा आणि स्वतःच्या चुका एवढंच माझं भांडवल. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. सीसीटीव्हीचा इतिहास आपण कॅमेऱ्याचा इतिहास म्हणून सांगतो. पण कॅमेऱ्याचं चित्र खरं की खोटं हे ज्या तारेवर ठरतं, ती तार टेलिफोनच्या घरातून आली आहे. तिचं ज्ञानही त्याच घरातलं आहे, आणि ते घर आता रिकामं होत चाललं आहे.

एका तारेची दोन कशी झाली

टेलिफोनचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ मध्ये मिळालं. सुरुवातीच्या टेलिफोनला तार एकच असे. विजेचा परतीचा रस्ता जमिनीतून जाई. तारायंत्राची पद्धत तीच होती, आणि तारायंत्राला ती पुरत होती, कारण तिथे फक्त टकटक ओळखायची असते. टेलिफोनला माणसाचा आवाज न्यायचा होता. शेजारून तारायंत्राची लाइन जात असेल तर तिची टकटक बोलण्यात मिसळे. पुढे अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या ट्राम आल्या, तेव्हा जमिनीतून परतणाऱ्या त्या प्रचंड प्रवाहामुळे एकतारी टेलिफोनवर बोलणं मुश्किल झालं.

यावरचा उपाय बेल यांनी आधीच लिहून ठेवला होता. १९ जुलै १८८१ रोजी त्यांना 'टेलिफोन सर्किट' या नावाचं पेटंट मिळालं. कल्पना साधी होती. जमिनीचा रस्ता सोडायचा, जायला एक आणि यायला एक अशा दोन तारा घ्यायच्या आणि त्या एकमेकींभोवती पिळायच्या. बाहेरून येणारा त्रास दोन्ही तारांना सारखाच होतो. टेलिफोन ऐकतो तो दोन तारांमधला फरक. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारख्याच वजनाचा खडा पडला तर काटा हलत नाही, तसंच हे. तारा नुसत्या शेजारी ठेवल्या तर त्रासाच्या जवळची तार जास्त बिघडते. पिळल्या की प्रत्येक तार आळीपाळीने जवळ येते आणि दूर जाते, आणि हिशेब बरोबरीत सुटतो.

खांबांवरच्या उघड्या तारा पिळता येत नसत. म्हणून ठरावीक खांबांनंतर दोन तारांची जागा अदलाबदल करत. रस्त्याच्या कडेने चिनी मातीच्या चिमण्या मिरवणारे ते खांब माझ्या पिढीने पाहिले आहेत. एखाद्या खांबावर तारा एकमेकींना ओलांडून का जातात, असा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. तो बेल यांचाच पीळ होता, मैलांच्या मापाने घातलेला.

चित्र तारेवर चढतं

बंद वर्तुळातल्या दूरचित्रवाणीचा, म्हणजे ज्याला आपण सीसीटीव्ही म्हणतो त्याचा, पहिला ठळक वापर १९४२ चा सांगितला जातो. जर्मनीत पीनेमुंडे इथे व्ही-२ अग्निबाणाचं उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावं म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने कॅमेऱ्यांची व्यवस्था केली. पुढे याच ब्रुख यांनी पाल ही रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत विकसित केली. भारताने रंगीत प्रक्षेपणासाठी तीच स्वीकारली, आणि आपल्याकडचे जुने कॅमेरे त्याच पद्धतीने चालत.

पाल चित्रात सेकंदाला २५ चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत ६२५ रेषा. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा झाल्या. टेलिफोनवरच्या बोलण्याला साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतची वारंवारता पुरते. या चित्राला ५० लाख हर्ट्झच्या आसपास लागते. हजारपटीहून अधिक फरक. म्हणून चित्रासाठी वेगळी तार ठरली, ती कोॲक्सियल. मधोमध तांब्याची एक तार, भोवती प्लास्टिक, त्यावर जाळीचं कवच. केबल टीव्हीमुळे ती आपल्या घराघरांत पोचली.

पण चित्र पिळाच्या जोडीवरूनही जाऊ शकतं, ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात 'पिक्चरफोन' नावाची सेवा सुरू केली. बोलणाऱ्याचा चेहरा दिसणारा तो टेलिफोन होता, आणि ग्राहकाच्या घरापर्यंत त्याला टेलिफोनच्याच तीन जोड्या लागत. एक जोडी जाणाऱ्या चित्राची, दुसरी येणाऱ्या चित्राची आणि तिसरी आवाजाची. महिन्याचं भाडं १६० डॉलर. गिऱ्हाईक मिळालं नाही आणि सेवा बसली. तार मात्र नापास झाली नव्हती.

पाच गुणिले पाच रंग

आपल्या भागात ही जोडी पोचली ती गावोगावच्या एक्सचेंजमुळे. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने १२८ जोडण्यांचं, वातानुकूलनाशिवाय चालणारं ग्रामीण एक्सचेंज तयार केलं. त्यातलं पहिलं कर्नाटकात कित्तूरला १९८६ मध्ये सुरू झालं. नव्वदच्या दशकात अशी एक्सचेंज खेड्यांत येत गेली आणि त्यांच्यासोबत जमिनीखाली जेलीभरली केबल आली. तारांच्या मधली जागा व्हॅसलीनसारख्या चिकट पदार्थाने भरलेली, म्हणजे पावसाचं पाणी शिरू नये.

या केबलच्या आत जोड्या ओळखायच्या कशा? त्यासाठी रंगांचा एक पाढा आहे. पहिल्या तारेचे पाच रंग : पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. जोडीदार तारेचे पाच : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पाच गुणिले पाच, पंचवीस जोड्या. पांढऱ्यासोबत निळा ही पहिली जोडी, पांढऱ्यासोबत नारिंगी ही दुसरी, आणि असं पुढे. प्रत्येक जोडीचा पीळ शेजारच्या जोडीपेक्षा कमीजास्त ठेवतात. दोन जोड्यांचा पीळ सारखा पडला तर त्या एकमेकींचं बोलणं ऐकू लागतात.

आता कॉम्प्युटरच्या जाळ्याची कॅट-फाइव्ह वायर सोलून पाहा. आत चार जोड्या दिसतील. निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी, हिरवी-पांढरी, तपकिरी-पांढरी. टेलिफोनच्या पाढ्यातल्या पहिल्या चार, त्याच क्रमाने. तांब्याची जाडीही तीच, सुमारे अर्धा मिलिमीटर. इमारतींमधल्या वायरिंगचं अमेरिकन मानक १९९१ मध्ये निघालं आणि १९९५ च्या आवृत्तीत कॅटेगरी पाचला त्यात जागा मिळाली. कॉम्प्युटरवाल्यांनी वायर नव्याने शोधली नाही, टेलिफोनची वायर अधिक घट्ट आणि अधिक काटेकोर पिळली. रंग हा त्या वंशावळीचा पुरावा आहे, आणि तो कुणालाही पाच मिनिटांत तपासता येतो.

मिलमधली चूक

माझं एसटीडीचं बूथ होतं. मोबाईल आले, बूथ बसलं, आणि मी कॅमेऱ्यांच्या कामात शिरलो. त्या मिलमध्ये आधी मी रिवाजाप्रमाणे कोॲक्सियलच टाकली होती. फाटक ऑफिसपासून अडीचशे मीटरवर, आणि वायर जिनिंगच्या मोटारींच्या केबलशेजारून गेलेली. मोटारी सुरू झाल्या की चित्रावर काळसर आडवा पट्टा येई आणि सावकाश खाली उतरत जाई.

त्याचं कारण नंतर समजलं. कोॲक्सियलचं कवच फाटकाशीही जमिनीला जोडलेलं होतं आणि ऑफिसातही. दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगमध्ये फरक असला की कवचातूनच वीज वाहू लागते आणि चित्रात मिसळते. कॅमेरा सेकंदाला बरोबर ५० वेळा अर्धी चौकट पाठवतो. वीज मात्र भारनियमनाच्या त्या काळात ५० हर्ट्झच्या थोडी खालीच असे. दोन घड्याळांमधला तो फरक म्हणजे सरकणारा पट्टा. एकतारी टेलिफोनला जमिनीने जे केलं होतं, तेच सव्वाशे वर्षांनी माझ्या कॅमेऱ्याला केलं.

संभाजीनगरच्या एका दुकानदाराने उपाय सुचवला : कॅट-फाइव्ह टाका आणि दोन्ही टोकांना बॅलन लावा. आम्ही सगळे त्याला 'बलून' म्हणायचो. अंगठ्याएवढी डबी, आत लोहचुंबकी कडीवर गुंडाळलेलं तांबं. कॅमेऱ्यातून येणारं एक व्होल्टचं चित्र ती दोन तारांवर उलटसुलट वाटून देते आणि दुसऱ्या टोकाची डबी त्यांचा फरक घेऊन चित्र पुन्हा एकतारी करते. वाटेत मोटारीने दिलेला त्रास दोन्ही तारांवर सारखा असतो, म्हणून वजाबाकीत तो गळून पडतो. डबीला वीज लागत नाही, आणि तीनेकशे मीटरपर्यंत रंगीत चित्र बरं येतं. त्यापुढे चित्र आधी रंग गमावतं, मग कडा. शिवाय एका वायरीत चार जोड्या, म्हणजे चार कॅमेरे.

मी वायर ओढली. स्वस्तातली होती. पांढऱ्या तारांवरच्या रंगीत रेघा इतक्या फिकट की ट्यूबलाइटखाली दिसत नव्हत्या. मी निळीसोबत नारिंगीची पांढरी घेतली आणि नारिंगीसोबत निळीची. दोन्ही टोकांना हीच चूक केली, त्यामुळे मीटरने तपासल्यावर सगळं बरोबर लागलं. पट्टाही बराचसा गेला. फाटक आणि सरकीचं गोदाम, दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं ऑफिसात आली. मालक खूश, मी खूश.

रखवालदार गेल्यानंतर माझ्या मनाला चैन पडेना. आमच्या गावात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक केबल जॉइंटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांना मी मिलमध्ये नेलं. मामांनी चित्र पाहिलंच नाही. आधी भिंतीवरची डबी उघडली, बाहेर येऊन उन्हात तारा चष्म्याजवळ धरल्या आणि म्हणाले, "लेका, जोडी फोडलीस की रे."

"मामा, मीटरवर तर बरोबर लागतंय."

"मीटरला काय कळतंय? त्याला तार तुटली का नाही एवढंच कळतंय. कोण कुणाच्या जोडीचं ते त्याला ठाव नसतंय."

मग त्यांनी मला त्या रात्रीचं फाटकाचं आणि गोदामाचं चित्र शेजारी-शेजारी लावायला सांगितलं. गोदामात त्या वेळी एक हमाल पोती रचत होता. ते त्याचं कामच होतं. तो हात वर करी तेव्हा फाटकावरची अंधूक आकृतीही हात वर करी. तो वाके तेव्हा तीही वाके. जोडी फुटल्यामुळे दोन्ही चित्रांच्या तारा एकमेकींत गुंतल्या होत्या आणि गोदामातल्या माणसाची छाया फाटकाच्या चित्रावर पडत होती. जास्त वारंवारतेचा भागच असा झिरपतो, म्हणून त्याच्या फक्त कडा दिसत. दिवसाच्या उजेडात त्या बुडून जात, रात्रीच्या काळोखात उठून येत. दोन्ही कॅमेरे आपापल्या घड्याळावर चालत, म्हणून छाया हळूहळू बाजूला सरकत होती. आम्हाला वाटलं, माणूस चालतो आहे.

दोन्ही चित्रं पहिल्याच दिवशी शेजारी लावता आली असती. ती मालकांनी लावली नाहीत, मुकादमाने लावली नाहीत, मीही लावली नाहीत.

मामांनी चार तारा बदलल्या. दहा मिनिटांचं काम. छाया गेली. मालकांनी चूक मान्य केली आणि रखवालदाराला निरोप धाडला. पण तोवर त्याने मुकादमाकडून उचल घेतली होती आणि बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल फिटेपर्यंत त्या कोयत्याला परत फिरता येत नाही. पोरं आजीजवळ राहिली. पोत्यांचा मेळ शेवटपर्यंत बसलाच नाही.

कागदावर नसलेला रकाना

चित्राला साक्षीदार मानायचं तर त्याची उलटतपासणी कशी करायची, हा प्रश्न मराठवाड्यातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत शेजारच्या जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला की नंतर, असा वाद झाला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या आत-बाहेर व्हिडिओ कॅमेरे होते आणि त्यांचं चित्रण पुराव्यात आलं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाच्या या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचं प्रमाणपत्र आवश्यक आहे. त्याच वर्षी २ डिसेंबरला परमवीर सिंग सैनी खटल्यात न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचे सविस्तर आदेश दिले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ सोबत प्रमाणपत्राचा ठरीव नमुना आहे. तो मी अनेकदा वाचला. त्यात डीव्हीआरला रकाना आहे, मोबाईलला आहे, पेन ड्राइव्हला आहे. मेक, मॉडेल, रंग, सीरियल नंबर, फायलीची हॅश, सगळं विचारलेलं आहे. फाइल रेकॉर्ड झाल्यानंतर बदलली का, हे त्यातून कळतं. पण कॅमेरा आणि डीव्हीआर यांच्यामध्ये काय आहे, त्याला रकाना नाही. आमच्या मिलमधली ती फाइल या नमुन्यावर निर्दोष ठरली असती. डीव्हीआर चांगला होता, फायलीला कुणी हात लावला नव्हता. खोट होती ती त्याआधीच्या अडीचशे मीटरांत.

यावर कुणी म्हणेल, आता ती जुनी पद्धत राहिली कुठे? बरोबर आहे. स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने १९९६ मध्ये थेट नेटवर्कला जोडायचा कॅमेरा आणला, आणि २००३ च्या मानकाने त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीजही देता येऊ लागली. आज बसणारे कॅमेरे बहुतेक याच जातीचे आहेत. वायर तीच, चार जोड्यांची. मर्यादा शंभर मीटरची. चित्र आता आकड्यांत जातं. जोडी फुटली तर चित्राचे चौकोन पडतात किंवा ते बंद पडतं. दोष दोषासारखा दिसतो, माणसासारखा दिसत नाही. ही सुधारणा मोठी आहे. पण जुने कॅमेरे अजून कितीतरी दुकानांत, गोदामांत, काट्यांवर चालू आहेत. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून खपते आहे. आणि ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यापासून तर आमच्या जिल्ह्यात सीसीटीव्हीचं चित्रण हा शब्द घराघरांत पोचला आहे. प्रत्येकाच्या फोनवर ते आहे, प्रत्येक जण त्यावरून काही ना काही ठरवतो आहे.

ज्यांना तार वाचता येत होती ती माणसं मात्र कमी होत आहेत. ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी घरी गेले. जमिनीखालची जेलीभरली केबल बऱ्याच ठिकाणी तांब्यासाठी उकरली जाते आहे. मामाही आता नाहीत. त्यांनी लिहून काहीच ठेवलं नव्हतं. त्यांचं सगळं बोटांत होतं.

रखवालदार पाडव्यानंतर गावी परतला. मी घरी जाऊन त्याला सगळं सांगितलं, पिळासकट, रंगांसकट. त्याने ऐकून घेतलं, चहा दिला, आणि मग विचारलं, "तारेनं सांगितलं म्हणून मी चोर झालो. आता तारेनंच सांगितलं म्हणून सुटलो. मी सांगत होतो त्याचं काय, भाऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून एक नेम केला आहे. जिथे कॅमेरा बसवतो तिथली वहीत नोंद ठेवतो : वायर कुठून कुठे गेली, किती मीटर, कोणती जोडी कोणत्या कॅमेऱ्याला, शेजारून विजेची लाइन जाते का, अर्थिंग कुठे आहे, बसवली कुणी. नोंदीची एक प्रत मालकाला देतो. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर ती मिल आहे, आणि 'बसवली कुणी' या रकान्यात माझं नाव आहे.